बांधकामाचं वर्ष

बँकेच्या अर्जात, सातव्या रांगेत, एक चौकोन:
बांधकामाचं वर्ष.

द्वारकाबाय म्हणाली, शंभर तरी झाली असतील.
दलाल म्हणाला, सव्वाशे लिहा,
पोर्तुगीज काळातलं म्हटलं की बँकही खूश.
म्हणून मी कुडचड्याहून पुरसो च्यारीला आणलं
रिवणच्या त्या घरी, जाण्यायेण्याचं भाडं
आणि माशाचं जेवण कबूल करून.
त्याच्या पिशवीत टॉर्च, पातळ सुरी, बुटकी हातोडी.

दर्शनी बाजू त्यानं पाहिलीच नाही.
निळ्या ऑइलपेंटचं दार, शिंपल्यांच्या खिडक्या,
ज्यांच्यावर मी गेल्या खेपेला भाळले होते.
"हे कुठूनही येतं," म्हणाला. "शिडी आहे?"

माळ्यावर उकाडा, वटवाघळांचा वास,
मंगळुरी कौलांतून सुईएवढी उन्हं.
पुरसोनं टॉर्च तुळईला चिकटवून धरला,
समोरून नव्हे, कडेनं,
आणि सपाट वाटणारं लाकूड
ओहोटीनंतरच्या वाळूसारखं लाटालाटांचं झालं.
"वाकसाचं काम. यंत्राला असं येत नाही.
हात दमला की घाव उथळ पडतो. हा बघा.
आणि इथून पुन्हा खोल.
इथं तो जेवून आला."

खिळे नाहीतच, किंदळाच्या खुंट्या.
मी वहीत लिहीत होते: जुनं, जुनं, फार जुनं.
द्वारकाबाय खालून विचारत होती, साखर किती?

"आता भिंतीला विचारू," म्हणत तो उतरला.
न्हाणीमागे गिलावा सुटला होता.
चिरे एका मापाचे, कडा यंत्राच्या,
सांध्यात सिमेंट, मातीचा मागमूस नाही.
"ही भिंत माझ्या धाकट्या भावाएवढी."
"आणि छप्पर?"
"त्याच्या पणज्याएवढं."
मी वहीतला एक 'फार' खोडला.
कुठला, ते नीट कळलं नाही.

ओसरीच्या खांबांशी त्याचा आवाज उतरला.
कमरेच्या उंचीवर एक खाच, सहा बोटं लांब,
पुट्टीनं बुजवून वर रंग दिलेला.
दुसऱ्या खांबाला तशीच. तिसऱ्यालाही.
"कठडा होता."
"पण इथं तर पायऱ्या आहेत."
"या घराला नव्हता, बाय. या खांबांना होता."

मग माथ्याजवळ, पटाशीनं कोरलेले आकडे.
पाच. सहा. सात.
जुन्या रंगाचा थर फोडून कोरलेले,
म्हणजे रंग आधी, आकडा नंतर.
"उभं करताना सुताराला सगळं पाठ असतं," तो म्हणाला.
"मोडताना लिहून ठेवावं लागतं."

द्वारकाबाय चहा घेऊन आली. कप मोजत म्हणाली,
"मामंजी म्हणायचे, कुर्डीहून पाच ट्रक आणले,
धरणाचं पाणी यायच्या आधी, कुणाकडून तरी घेऊन.
पाच ट्रक काय, ते मी कधी विचारलं नाही.
मी नवी होते. घर होतंच."

आठनंतर दहा होता.
मधल्या खांबावर आकडा नव्हता,
त्याच्या अंगावर गोल करवतीच्या कमानी,
आणि पुरसोची सुरी त्यात
लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत गेली.
वाळवी.
"नववा नाही आला," एवढंच तो म्हणाला,
आणि सुरी धोतराला पुसली.

मी विचारलं, राहिला असेल का तिथेच?
उन्हाळ्यात साळावलीचं पाणी उतरतं
तेव्हा जोती वर येतात म्हणे.
पुरसो चहा फुंकत होता.
"हा बदलायचा. फणसाचा घाला, सागाला पैसे घालवू नका.
किमतीतून चाळीस हजार कमी मागा.
आणि माझी चारची बस."

"अर्जात काय लिहू? लाकडाचं की भिंतीचं?
की ट्रक आले ते?"
"ते बँकेला विचारा. मी सुतार."

अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे.
चौकोन अरुंद आहे,
त्यात चारच आकडे मावतात.